एमएच ०९ ची पाटी म्हणजे पुरावा नव्हे

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या बेळगाव पानावर फुटबॉलच्या एका पोराबद्दल बातमी आली, 'पैसे घेऊन कॉलेज बदलल्याच्या चर्चेला उधाण' म्हणून. नाव छापलं नव्हतं, पण कुठलं कॉलेज सोडलं, कुठल्या कॉलेजला गेला, कुठल्या गावचा, कितव्या नंबरचा शर्ट घालतो आणि फॉरवर्डला खेळतो हे सगळं होतं, मग नाव लपवून काय उपयोग झाला सांगा? सकाळी आठ वाजेपर्यंत लेले ग्राउंडवर येणाऱ्या प्रत्येकाला कळलं होतं की पोरगा कोण. म्हणून हे पत्र. जरा मोठं झालंय, पण पूर्ण वाचा ही विनंती.

माझं टिळकवाडीत झेरॉक्सचं दुकान आहे, आजूबाजूला कॉलेजं असल्यामुळे जून-जुलैला आमच्याकडे पोरांची गर्दी असते, अॅडमिशनचे कागद, मार्क्स कार्ड, कास्ट सर्टिफिकेट, सगळं आमच्या मशीनमधनंच जातं. ह्या पोराचे कागदपण आमच्याकडेच झेरॉक्स झाले, त्याच्या वडिलांबरोबर तो आला होता. खाली मी जे लिहितोय ते वडिलांना विचारून, त्यांची परवानगी घेऊन लिहितोय, कुणाचे कागद परस्पर गावभर सांगायची मला सवय नाही.

इंटरकॉलेजला खेळायचं म्हणजे नुसतं बूट घालून ग्राउंडवर जाता येत नाही. एलिजिबिलिटीचा फॉर्म असतो, त्यावर फोटो, फोटोच्या अर्ध्यावर कॉलेजचा शिक्का, अर्धा शिक्का कागदावर, एसएसएलसीचं म्हणजे दहावीचं मार्क्स कार्ड जन्मतारखेसाठी, पीयूसीचं म्हणजे बारावीचं मार्क्स कार्ड, ह्या वर्षीची फी भरल्याची पावती, दुसऱ्या कॉलेजातनं आला असेल तर तिथली टीसी, खाली पीडी सरांची म्हणजे कॉलेजच्या खेळाच्या सरांची सही आणि त्याच्या खाली प्रिन्सिपॉलची. ह्यातला एक कागद कमी पडला तरी फॉर्म परत येतो, मी दरवर्षी बघतो, पोरं धावत येतात, "मामा, पटकन एक कॉपी काढा, पीडी सर थांबलेत." ह्या पोराचे सगळे कागद होते. टीसी मिळायला उशीर झाला, बापाला दोन-तीन वेळा रजा टाकून जावं लागलं, पण मिळाली.

आणि फीची पावती. बातमीत 'मोठी रक्कम' म्हटलंय ना, ती रक्कम कुठनं आली ह्याचा मला अंदाज आहे. पावतीवर वर एकूण फी, त्याच्या खाली 'स्पोर्ट्स कन्सेशन' म्हणून काही रक्कम वजा, आणि खाली उरलेली, जी वडिलांनी दोन हप्त्यात भरायची कबूल केली होती. पहिल्या हप्त्याचं बँकेचं चलन त्याच पावतीला पिन मारलेलं. खेळाडूला फीत सवलत हे काय लपवून केलेलं काम नाही, कितीतरी कॉलेजं देतात, प्रॉस्पेक्टसमध्ये छापतात, भिंतीवर बोर्ड लावतात. ती सवलत कुणीतरी ऐकली, मग तिची 'फी माफ' झाली, मग 'फी माफ आणि वरनं हातात पैसे', आणि शेवटी 'गाडी'.

त्या गाडीविषयी लिहिलंच पाहिजे, कारण सगळा धुरळा त्या एका फोटोवरनं उडालाय. पोरगा बाईकवर बसलाय, बाईकला झेंडूचा मोठा हार, नंबर प्लेट एमएच ०९. हा फोटो ग्रुपवर आला त्याच्या खाली लिहिलेलं, 'कोल्हापूरच्या क्लबने दिली, नवीन गाडी, पूजेचा फोटो'. एवढ्यावर लोकांनी ठरवून टाकलं. आता आपणच सांगा, चंदगड तालुका कुठल्या जिल्ह्यात येतो? कोल्हापूर जिल्ह्यात. तिथल्या गाडीला पाटी कुठली असणार? एमएच ०९ च असणार. आणि बेळगाव तालुक्यातल्या पश्चिम भागातल्या कुठल्याही घरात जा, कुणाची मामी चंदगडची, कुणाची आत्या तिकडे दिलेली, तिकडची माणसं बाजाराला इकडे, इकडची माणसं जत्रेला तिकडे, शनिवारी खडेबाजारात उभं राहिलं तर केए २२ जितक्या दिसतात त्याच्या खालोखाल एमएच ०९ दिसतात. ती गाडी पोराच्या मामाची आहे. आरसी बुकावर मामाचं नाव आहे, वडिलांनी मला दाखवलं.

आणि हार? फोटो जरा मोठा करून बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. बाईकच्या मागे भिंतीला विळा, कुदळ, खोरं टेकवून ठेवलंय आणि त्या सगळ्यांना पण झेंडू बांधलाय, कुंकू लावलंय. खंडेनवमीचा फोटो आहे हो तो! दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे जुन्या सायकलला पण हार घालतात, रिक्षाला घालतात, माझ्या झेरॉक्स मशीनला मी घालतो. म्हणजे फोटो गेल्या दसऱ्यातला आणि पोराने कॉलेज बदललं ते ह्या जूनमध्ये. आठ महिने आधी कोण कुणाला गाडी देतं?

हे सगळं आपल्या वार्ताहरांना एका फोनवर कळलं असतं. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला आहेत, शिफ्ट सुटल्यावर घरी असतात, घर शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत. पीडी सर दोन्ही कॉलेजचे ग्राउंडवर रोज भेटतात. कुणालाही विचारलं नाही. 'चर्चा आहे', 'बोलले जात आहे', 'क्रीडाप्रेमींतून संताप व्यक्त होत आहे', बातमीतली सगळी वाक्यं अशीच, एकाही वाक्याला माणूस नाही.

त्या क्रीडाप्रेमींचं पण सांगतो. बातमी यायच्या आधी ग्रुपवर कुजबुज होती, बातमी आल्यावर तिचा फोटो फिरायला लागला, "बघा, पेपरात पण आलंय, म्हणजे खरंच असणार." आधी जे लोक गप्प होते ते पण बोलायला लागले. जुन्या कॉलेजच्या पोरांनी त्याच्या नावापुढे गद्दार लावलं. पहिल्या मॅचला तो बॉल घेऊन निघाला की लाइनच्या बाहेरनं पोरं हातातल्या दहा-वीसच्या नोटा हलवत ओरडत होती, "किती घेतलास गा? सांग की!" पाऊस होता, चिखल होता, त्याच्या हातनं दोन सोपे चान्स गेले, त्यावर परत, "पैसे घेतल्यावर असंच होतंय." मॅच संपल्यावर तो कुणाशी बोलला नाही, बूट हातात घेऊन अनवाणीच गेला. १९ वर्षाचं पोरगं आहे ते.

मग आपल्याकडे जे प्रत्येक गोष्टीत होतं ते झालं, त्यात मराठी-कन्नड आणलं. नव्या कॉलेजचं मॅनेजमेंट कन्नड माणसांचं, म्हणून 'मराठी पोरगा विकला गेला'. दुसऱ्या बाजूच्या ग्रुपवर त्याच पोराला 'कोल्हापूरवाल्यांचा माणूस' म्हटलं, का तर एमएच ०९. म्हणजे तो दोन्हीकडनं मार खातोय. त्याच्या टीममध्ये अर्धी पोरं कन्नड बोलणारी, काही उर्दू, काही कॅम्पातली ख्रिश्चन, पास मागताना सगळे एकमेकाला सगळ्या भाषेत हाका मारतात, त्यांना ह्याचं काही नाही, बाहेर उभ्या असलेल्यांना आहे. मी स्वतः सीमाप्रश्नाच्या मोर्चात चालत आलेला माणूस आहे, म्हणून मला हे जास्त लागलं. आपला दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. आपण तिथे काय घेऊन उभे आहोत? कागद. जनगणनेचे आकडे, गावागावाच्या भाषेची टक्केवारी, जुने दप्तर. पुरावा काय असतो हे बेळगावच्या मराठी माणसाला कुणी शिकवायची गरज नाही, आपण पिढ्यान्पिढ्या तेच गोळा करतोय. आणि आपल्यातल्याच एका पोराचा निकाल आपण हार घातलेल्या गाडीच्या एका फोटोवर लावतो, हे मला पटत नाही, कितीही विचार केला तरी पटत नाही.

आता थोडं लांबचं सांगतो. माझा भाचा एमएस करायला अमेरिकेत अलाबामाला गेला, तेव्हापासून तिथल्या कॉलेज फुटबॉलचं खूळ मलापण लागलं. तिकडचा फुटबॉल वेगळा, हेल्मेट घालून, बॉल हातात धरून पळायचा, आणि कॉलेजच्या मॅचला ८०-९० हजार माणूस बसतो, कोल्हापूरला शाहू स्टेडियमवर पेठांच्या मॅचला जी इरेसरी असते ती घ्या आणि कितीतरी पटीने वाढवा. तिथे शाळेतली चांगली पोरं आपल्या कॉलेजला ओढण्यासाठी कोच गावोगाव फिरतात, पोरांच्या घरी जाऊन आईबापाशी बोलतात, आणि वर्षानुवर्षं नियम असा होता की शिक्षणाची स्कॉलरशिप द्या पण एक डॉलर वरनं द्यायचा नाही. त्यामुळे गुपचूप पैसे द्यायची प्रकरणं आणि त्यावरच्या अफवा हा तिथला कायमचा विषय.

२०१० साली ऑबर्न कॉलेजचा कॅम न्यूटन नावाचा खेळाडू जोरात होता. आधी तो फ्लोरिडाला होता, मग टेक्सासमधल्या एका छोट्या कॉलेजात, तिथनं ऑबर्नला आला. सीझन अर्धा झाल्यावर नोव्हेंबरमध्ये बातमी फुटली की त्याच्यासाठी मिसिसिपी स्टेट ह्या दुसऱ्या कॉलेजकडे १ लाख ८० हजार डॉलर मागितले होते. झालं, रोज नवीन काहीतरी. फ्लोरिडात असताना परीक्षेत कॉपी केली म्हणून कुणीतरी निनावी सांगितलं, ते छापलं, पोराच्या शिक्षणाची खासगी माहिती चव्हाट्यावर. ऑबर्नचा अलाबामाशी सामना म्हणजे तिकडची सगळ्यात मोठी खुन्नस, नोव्हेंबरच्या शेवटी तो अलाबामाच्या ग्राउंडवर होता, तिथे न्यूटन वॉर्मअपला आल्यावर स्टेडियमच्या स्पीकरवर पैशावरनं टोमणे मारणारी गाणी लावली, प्रेक्षकांनी खोट्या नोटा फेकल्या. आपल्या पोरांनी दहा-वीसच्या नोटा हलवल्या तेव्हा मला हेच आठवलं. ऑबर्न २४ विरुद्ध शून्य असं मागे होतं तिथनं २८-२७ ने जिंकलं. त्यानंतर अलाबामाच्या एका चाहत्याने रागात जाऊन ऑबर्नमधल्या चौकातल्या जुन्या ओकच्या झाडांना विष घातलं, जिथे ऑबर्नचे लोक जिंकल्यावर जमतात ती झाडं, आणि हे त्याने पुढे रेडिओवर फोन करून सांगितलं. झाडं वाचली नाहीत, २०१३ मध्ये काढून टाकावी लागली, आणि तो माणूस जेलमध्ये गेला.

आणि चौकशीत काय निघालं? एनसीएए म्हणजे तिथली कॉलेज खेळांची मोठी संस्था, तिने सांगितलं की पोराच्या बापाने, जो चर्चमध्ये पाद्री होता, एका जुन्या खेळाडूच्या मार्फत मिसिसिपी स्टेटकडे पैसे मागितले होते, पण पोराला किंवा ऑबर्नला ते माहीत असल्याचा पुरावा नाही. एका दिवसासाठी अपात्र ठरवून १ डिसेंबरला त्याला परत खेळायला परवानगी दिली. बाप मोठ्या बक्षिसाच्या कार्यक्रमाला आला नाही. पोरगा जिंकत गेला, जानेवारी २०११ मध्ये ऑबर्न देशात पहिलं आलं, आणि ऑबर्नवरची चौकशी वर्षभर चालून २०११ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाली, मोठं काही सापडलं नाही. म्हणजे मागणी झाली होती हे खरं, आणि पोरगा दोषी नव्हता हे पण खरं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, पण त्या महिन्यात ते ऐकून घ्यायची कुणाची तयारी नव्हती, एका बाजूला तो चोर होता आणि दुसऱ्या बाजूला देव.

त्याहून मला जास्त विचार करायला लावणारं प्रकरण मिसिसिपी युनिव्हर्सिटीचं, जिला तिकडे ओल मिस म्हणतात. जानेवारी २०१६ मध्ये तिथे एनसीएएची नोटीस आल्याची बातमी फुटली, आणि शाळेतल्या पोरांनी कॉलेजच्या कागदावर सही करायचा दिवस चार-पाच दिवसांवर आला होता. तेव्हा कॉलेजच्या आणि कोचच्या बाजूने पत्रकारांना 'नाव छापू नका' म्हणून खासगीत सांगण्यात आलं की फुटबॉलमधल्या बऱ्याचशा भानगडी आधीच्या कोचच्या काळातल्या आहेत. पत्रकारांनी तसं लिहिलं. पोरांनी, आईबापांनी ते वाचून भरवसा ठेवला आणि सह्या केल्या. काही महिन्यांनी नोटीस बाहेर आली तर बहुतेक आरोप नव्या कोचच्या काळातले! आधीच्या कोचने २०१७ मध्ये बदनामीचा दावा लावला, त्यासाठी कॉलेजच्या फोनचे रेकॉर्ड मागवले, त्यात नव्या कोचचं वेगळंच प्रकरण सापडून त्याला जुलैत राजीनामा द्यावा लागला, आणि कॉलेजला आधीच्या कोचची माफी मागून दावा मिटवायला लागला. ह्याच नव्या कोचने २०१३ मध्ये ट्विटरवर लिहिलं होतं की आमच्याविरुद्ध पुरावा असेल तर कॉलेजला ईमेल करा, नसेल तर ह्या पोरांची बदनामी करू नका.

वाक्य किती बरोबर आहे, आणि माणूस कोण होता बघा. म्हणून 'पुरावा दाखवा' म्हणणारा प्रत्येक जण स्वच्छ असतो असं मी म्हणत नाही. उद्या कुणी माझ्यावर पण शंका घेईल की ह्याला त्या नव्या कॉलेजने सांगितलं असेल. घ्या शंका, या, कागद बघा. माझा मुद्दा वेगळा आहे. निनावी सांगणाऱ्याचं त्यात काय आहे हे पत्रकाराने आधी बघायला नको का? आमच्या ह्या प्रकरणात ती 'चर्चा' पहिल्यांदा कुणी सुरू केली? ज्यांचा फॉरवर्ड गेला त्यांनी की ज्यांना तो पाहिजे होता आणि मिळाला नाही त्यांनी? मी नावं घेणार नाही, माझ्याकडे तेवढा पुरावा नाही, पण आपल्या वार्ताहरांना नक्की माहीत असणार त्यांना फोटो कुणी पाठवला, आणि त्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न हाच होता की बाबा, तुझा ह्यात संबंध काय.

पत्रकारांनी अशा भानगडी काढूच नयेत असं कुणी म्हणू नये, मीपण म्हणत नाही. उलट काढाव्यात. डॅलस शहरातल्या एसएमयू कॉलेजचं उदाहरण आहे. नोव्हेंबर १९८६ मध्ये तिथल्या एका लोकल टीव्ही स्टेशनने दाखवलं की खेळाडूंना पैसे मिळतायत. कसं दाखवलं? पैसे घेतलेला माजी खेळाडू स्वतःच्या नावाने, स्वतःच्या तोंडाने कॅमेऱ्यासमोर बोलला, सही करण्यासाठी २५ हजार डॉलर मिळाले म्हणून सांगितलं. मग अँकर कॉलेजच्या लोकांकडे गेला, कोच, खेळ विभागाचा प्रमुख, पोरं आणणारा माणूस, सगळ्यांना एकत्र बसवलं, घरी आलेलं पाकीट टेबलावर ठेवलं आणि ते कुणी पाठवलं म्हणून तोंडावर विचारलं. त्यांची उत्तरं, त्यांची चुळबूळ, सगळं लोकांनी बघितलं. पुढे एनसीएएने फेब्रुवारी १९८७ मध्ये त्या कॉलेजचा अख्खा सीझन रद्द केला, पुढच्या वर्षी पण टीम उतरली नाही, १३ खेळाडूंना साधारण ६१ हजार डॉलर एका श्रीमंत पाठीराख्याकडनं गेल्याचं निघालं, आणि टेक्सासच्या गव्हर्नरने, जो आधी त्या कॉलेजच्या बोर्डाचा अध्यक्ष होता, कबूल केलं की आम्हाला माहीत होतं आणि आम्ही लगेच थांबवलं नाही. एवढ्या वर गेलेलं प्रकरण लोकल टीव्हीवाल्यांनी काढलं. तशी बातमी आपण काढा, मी पहिला पेपर विकत घेईन आणि दुकानात लावीन.

कारण आपल्याकडे सगळं स्वच्छ आहे असं मला पण वाटत नाही. खेळाडू इकडनं तिकडे नेतात, दरवर्षी नेतात. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटीच्या टीममध्ये नाव लागलं तर पुढे नोकरीत उपयोग होईल, कोल्हापुरात किंवा गोव्यात चांगल्या टीमची नजर पडेल, ही त्या पोरांची आशा असते, आणि त्या आशेवर मोठी माणसं खेळतात. बूट देतो म्हणतात, हॉस्टेल देतो म्हणतात, खात्यावर टाकतो म्हणतात, अॅडमिशन झाल्यावर अर्धं विसरतात. एका पोराला गुडघ्याला लागलं तर दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाहीत हे मी माझ्या काउंटरवर ऐकलंय, त्या पोराचे मेडिकलचे कागद झेरॉक्स करता करता. ह्यात जो देतो तो मोठा, घेतो तो लहान, पण बातमीत कोण येतं? ज्याच्याकडे शर्टाचा नंबर आहे तो. देणाऱ्याला नंबर नसतो म्हणून तो दिसत नाही.

अमेरिकेत तर आता उलटं झालं. २०२१ च्या जुलैपासून खेळाडूला आपल्या नावावर, फोटोवर जाहिरातीचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली, आणि २०२५ मध्ये कोर्टाने तडजोड मंजूर केल्यावर कॉलेजं स्वतः खेळाडूंना थेट पैसे देतात, एका कॉलेजला वर्षाला साधारण दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. रेजी बुश नावाच्या खेळाडूने २०१० मध्ये पैशाच्याच भानगडीत परत केलेला तिथला सगळ्यात मोठा पुरस्कार त्याला २०२४ मध्ये परत दिला. कालपर्यंत ज्या गोष्टीसाठी पोरांना चोर म्हटलं ती आज पगारासारखी मिळते. आपल्याकडे तसं करा असं माझं म्हणणं नाही, आपल्याकडे कॉलेज फुटबॉलला तेवढा पैसा नाही आणि तेवढे प्रेक्षक पण नाहीत. पण निदान एवढं तर करता येईल की कुठलं कॉलेज खेळाडूला काय सवलत देतं ते सगळ्या कॉलेजांनी जूनच्या आधी नोटीस बोर्डवर लावावं, लेखी. फी किती कमी, हॉस्टेल आहे की नाही, किट कोण देणार, दुखापत झाली तर दवाखान्याचा खर्च कुणाचा, आणि पोराला मध्येच कॉलेज सोडायचं असेल तर टीसी किती दिवसात मिळणार. हे लेखी असलं की अफवा आपोआप निम्मी होईल आणि पोराच्या बापाच्या हातात पण काहीतरी राहील. ह्या विषयावर आपण एक चांगली मालिका करावी, पीडी सर लोकांशी, जुन्या खेळाडूंशी बोलून, मला वाटतं बरेच जण नावानिशी बोलतील.

आता ह्या बातमीपुरतं मागणं. प्रेस कौन्सिलचे नियम आहेत, छापायच्या आधी खात्री करून घ्या आणि ज्याच्याविषयी छापलं त्याचं म्हणणं छापा, हे मी आपल्याला सांगायला पाहिजे असं नाही, आपण रोज तेच काम करता. तर ज्या पानावर ती बातमी आली त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या मथळ्यात पोराच्या घरच्यांची बाजू यावी. कोपऱ्यात चार ओळी नकोत. फोटोविषयी स्पष्ट लिहावं, कारण ग्रुपवर अजून तोच फिरतोय. आणि 'चर्चा' कुणी केली हे छापता येत नसेल तर पुढच्या वेळी ती चर्चा पण छापू नये.

ग्राउंडवर येणाऱ्या पोरांना पण सांगतो, माझ्या दुकानात येणारीच आहात सगळी. जुन्या टीमवर प्रेम आहे ना, मग ओरडा, ढोल आणा, त्याच्या पायातनं बॉल काढून घेतला तर नाचा. तो तुमच्याबरोबर त्याच चिखलात दोन वर्षं खेळलाय, तुम्ही हरला त्या दिवशी तुमच्याबरोबर रडलाय. नोटा खिशात ठेवा.

घरचे बोलायला तयार आहेत, कागदांचा सेट मी करून ठेवलाय, त्यात टीसी, फीची पावती, चलन आणि मामाच्या आरसी बुकाची कॉपी आहे, पण तो मी टपालाने पाठवत नाही कारण त्यावर पोराचा फोटो आणि पत्ता आहे. आपल्या वार्ताहरांनी यावं, वडिलांच्या समोर बघावं. ह्या आठवड्यात त्यांची पहिली शिफ्ट आहे, दुपारी साडेतीननंतर ते घरी असतात, रविवारी पूर्ण दिवस. पुढची मॅच बुधवारी आहे, त्याच्या आधी आलात तर बरं होईल.

आपला,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव
(नाव आणि फोन नंबर सोबतच्या चिठ्ठीत दिलाय, माझ्या दुकानावरनं पोराची ओळख पटू नये म्हणून कृपया छापू नये.)